जिन्यातला एमर्जन्सी लाइट : गरज की कंत्राटदाराची दिवाळी?

चाळीतून_टॉवरात
परवा इथे एका सेक्रेटरी साहेबांनी लिहिलं : "फायर ऑडिटवाला म्हणतो जिन्यात बॅटरीचे दिवे लावा. कशाला? प्रत्येकाच्या मोबाईलला टॉर्च आहे, बिल्डिंगला जनरेटर आहे. कंत्राटदारांचे चोचले नुसते." त्याखाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, आमच्याकडे लाइट गेली की वॉचमन बेसमेंटात उतरतो, चावी शोधतो, मग जनरेटर खोकत खोकत सुरू होतो. नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो पाच सेकंदांत उजेड हवा, तो दीड तास टिकायला हवा, आणि त्याचा सप्लाय नेहमीच्या लाइटपेक्षा वेगळा हवा. शिवाय आग लागली की फायर ब्रिगेड आधी बिल्डिंगची लाइट तोडते. तेव्हा तुमचा कॉमन पॅसेजचा बल्ब कशावर चालणार?

12 ऑक्टोबर 2020 आठवा. सकाळी दहानंतर अख्ख्या मुंबईची बत्ती गुल. बाहेर लख्ख ऊन, आणि आमच्या बिनखिडकीच्या जिन्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. आग नव्हती म्हणून निभावलं.

नाइलाजाने_सेक्रेटरी
ती पोस्ट माझीच. कोड देशाचा, खिसा आमचा. सात मजली जुनी बिल्डिंग, निम्मे फ्लॅट भाड्याने, मालक वार्षिक सभेला फिरकत नाहीत आणि मेंटेनन्स मागितला की "बघतो". लिफ्टची दोरी बदलू, टाकी गळते ती बघू की दिवे लावू? आणि फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू आहे असं एजन्सीचं सहामाही सर्टिफिकेट म्हणाल, तर जानेवारी-जुलै आला की एजन्सीचा माणूस खालूनच फोन करतो, "साहेब, सही तयार आहे." वर एक मजलासुद्धा चढत नाही. या असल्या कागदासाठी मी लोकांकडून वर्गणी काढू?

वायरमन_परळ
एजन्सी चोर आहे म्हणून दिवा नको, हे कुठलं लॉजिक? 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. एजन्सी फक्त सर्टिफिकेट देते. उद्या काही झालं तर पोलीस दार तुमचं वाजवणार.

मी हे दिवे उघडून बघतो. वर 'एक्झिट' हिरवं चमकतंय, चार्जिंगची लाल टिकली पेटलेली, सगळं छान. टेस्टचं बटण दाबा, दिवा मिणमिणतो आणि मान टाकतो. आत बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड. मेन सप्लायवर पेटतो म्हणून कुणाला पत्ताच नसतो.

धूर_आणि_मी
दोन्ही बाजू छताकडेच बघतायत. धूर वर चढतो. तुमचा दिवा छताला, म्हणजे धुराच्या पोटात. कोडही म्हणतो दिवा शक्य तितका खाली लावा, फक्त जमिनीपासून दोन मीटरपेक्षा खाली नको. पायऱ्यांच्या कडेला अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावा, बॅटरीचीही कटकट नाही. आणि मोबाईलचा टॉर्च? घाटातल्या धुक्यात हाय बीम मारून बघा, पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. 2017 साली मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत 14 जण गेले, ते जाळापेक्षा धुराने.

कांदिवलीची_काकू
दिवे लावाच, पण त्या उजेडात दिसणार काय ते मी सांगते. आमच्या लँडिंगवर दोन शू रॅक, मुलाची लहान झालेली सायकल आणि कुणाच्या तरी आईचं कपाट. सेक्रेटरीला सांगितलं तर म्हणतो, "काकू, ॲडजस्ट करा."

बी_विंग_बाणेदार
शू रॅक प्रत्येकाच्या दाराशी असतो काकू. घरात चपला नेऊ? 350 स्क्वेअर फूट घर आहे माझं.

कांदिवलीची_काकू
मग जिना तुमच्या घराचा भाग झाला का?

बी_विंग_बाणेदार
तुमची तुळस चालते ना पॅसेजमध्ये?

कांदिवलीची_काकू
तुळशीवर यायचं नाही. कुंडी भिंतीला चिकटून आहे, कुणाला अडत नाही. तुमच्या ग्रिलने अर्धा पॅसेज खाल्लाय आणि गच्चीला कुलूप, चावी तुमच्याच मेव्हण्याकडे!

चाळीतून_टॉवरात
अहो, धागा दिव्यांचा आहे.

बी_विंग_बाणेदार
धागा तुमचा, जिना सगळ्यांचा. ग्रिल चोरीसाठी लावलंय, तेव्हा काकू कुठे होत्या?

वायरमन_परळ
तुम्ही दोघं एकाच बिल्डिंगचे दिसता. देव त्या सेक्रेटरीला बळ देवो.

माहेर_डोंबिवली
हसू नका. माझ्या सासूबाईंच्या जुन्या बिल्डिंगीत रात्री मीटर रूम पेटली. मीटर रूम गेली म्हणजे घरातली, जिन्यातली सगळी लाइट एका फटक्यात गेली. फोन आत चार्जिंगला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात त्यांचं कोपर. टॉर्च धरायला तिसरा हात कुठून आणू? तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणाचा तरी शू रॅक, त्यावर त्या आपटल्या. धुराने काही झालं नाही, खुबा मोडला. आता वॉकर घेऊन चालतात.

बी_विंग_बाणेदार
वाईट झालं. पण माझा रॅक भिंतीला स्क्रूने ठोकलेला आहे, पडत नाही.

माहेर_डोंबिवली
तिथलाही ठोकलेलाच होता. म्हणूनच हलला नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी
बरं बाई. मोबाईल टॉर्चचं वाक्य मागे घेतो, खूश? पण पट्ट्या आधी, दिवे नंतर, आणि दिवे फक्त जिन्यात, पॅसेजमध्ये नाही. पुढच्या बिलात रक्कम दिसली की इथलेच अंगठेवाले माझ्या दारात येणार, हेही लिहून ठेवा.

वायरमन_परळ
लावाल तेव्हा बिल देण्याआधी कॉमन लाइटचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) पाडा आणि दीड तास थांबा. दीड तासाने जो दिवा पेटलेला असेल त्याचेच पैसे द्या. संध्याकाळी करा, दुपारी काही कळत नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी
रविवारी संध्याकाळी मॅच आहे. लाइट गेली समजून लोक मलाच मारतील. शनिवारी ठेवतो.

कांदिवलीची_काकू
शनिवारपर्यंत तुमच्याकडचेही रॅक उचलायला सांगा. नोटीस लावा, मराठीत आणि गुजरातीत.

बी_विंग_बाणेदार
नोटिशीत तुळसही लिहा मग.