'हॉपी' बिअरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: गोव्यात पर्वरीला मित्रांनी क्राफ्ट आयपीए ('इंडिया पेल एल' ही बिअर, छोट्या कारखान्यात बनवलेली) पाजली. घोट घेतला तर जिभेच्या मुळाशी जहर कडू, आणि ग्लास नाकाशी नेला तर आंबा नि पपनसाच्या सालीचा घमघमाट! सगळे 'जाम हॉपी' म्हणत होते. नुसतं 'कडू' म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. नेमका शब्द आहे का?

प्रतिसाद: एका शब्दात भागणार नाही, कारण बिअरमधले हॉप्स दोन कामं करतात. हा एका वेलीचा फुलोरा. तो तासभर उकळला की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा उतरतो, पण सुवासिक तेलं तोवर वाफेबरोबर निघून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स उकळी संपताना किंवा थेट आंबवणीच्या टाकीत टाकतात. आंब्याचा वास हा तुमचा भास नव्हे. मिर्सीन हे द्रव्य हॉप्समध्येही असतं, आंब्यातही.

आता चव. बिअरचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. रोजच्या लागरला (बाजारात सर्रास मिळणारी हलकी बिअर) साधारण १० ते २०, अमेरिकी धाटणीच्या आयपीएला ४० ते ७०. माझ्या मते लागर 'कडवट', आयपीए 'कडू'. 'तुरट' मात्र नको, लोक सर्रास घोटाळा करतात. काजूचं बोंडू खाल्ल्यावर तोंड कोरडं पडून जीभ आखडते, ते तुरट.

वासाला 'दर्प'ही नको. तो फेणीकडेच राहू द्या (फेणीप्रेमींनी रागावू नये).

दुसरा प्रतिसाद: कुणी 'तिक्त' सुचवण्याआधीच सांगतो, ऐकणारा तिखट समजेल. गंमत म्हणजे आयुर्वेदात तिक्त म्हणजे कडू आणि कटु म्हणजे तिखट. मराठीत येईतो 'कटु'चा 'कडू' झाला आणि त्याने पक्ष बदलला.

गोव्यातल्या माणसाला समजवायचं तर मी तेफळाचं नाव घेईन. बांगड्याच्या कालवणात ठेचून टाकलेल्या तेफळाचा लिंबाच्या सालीसारखा, नाकात चढणारा वास आठवा; काही हॉप्स अगदी त्या घराण्यातले वाटतात.

मूळ प्रश्नकर्ता: मग 'हॉपदार' कसा वाटतो? रसदार, मसालेदार चालतंच की.

पहिला प्रतिसादक: लिहायला झकास. त्यात वास आणि कडूपणा दोन्ही मावतात. बारमध्ये मात्र 'हॉपी'च मागा, नाहीतर वेटर स्वयंपाकघरात विचारायला जाईल.