उपासना, प्रार्थना आणि एआय : तुमचा अनुभव लिहा

सलाम. आमच्या युवकसंघात यावरून चांगलीच जुंपली, म्हणून हा धागा. पुण्यातल्या कुठल्याही मंडळीचे (चर्चचे) असा, कॅथलिक असा की प्रोटेस्टंट. मोबाईलमधल्या एआयला विश्वासाबद्दल काही विचारलंत का आणि पुढे काय झालं, एवढंच लिहा. नावं नकोत. 'शेवटचे दिवस आले' हेही नको, ते रविवारी ऐकतोच.

संडे स्कूल शिक्षिका, खडकी
नाताळच्या नाटिकेचे संवाद झटपट होतात, मेंढपाळांना जरा विनोदी करून मिळतात. वचनांचे संदर्भ मात्र शास्त्र (बायबल) उघडून बघते. एकदा त्यानं 153वं स्तोत्र काढून दिलं! स्तोत्रं 150च आहेत, हे आमच्या चौथीतल्या पोरानं सांगितलं.

पाळक, पिंपरी
हिंजवडीत नोकरी गेलेला एक तरुण भेटायला आला. एआयनं त्याला यिर्मया 29:11 दिलं होतं, देवाचे संकल्प हिताचे आहेत ते. वचन खरंच, पण ते बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षं थांबा असं म्हटलंय. मी त्याला दहावी ओवी वाचायला लावली. तो म्हणाला, "पास्टर, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, मी पंधरा दिवसांत कॉल येईल म्हणून बसलो होतो." अर्थात हेच वचन कॅलेंडरवर आम्हीही छापतो. एआय बिचारं आमच्याकडूनच शिकलं.

बँकेत नोकरी, कॅम्प
मी एआयकडेच जाते आणि का जाते ते सांगते. लग्नात अडचण होती. महिला मंडळात 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणून एकीला सांगितलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलावर तीन जणींनी माझा हात दाबला आणि सासरच्या मंडळीतून फोन आला. आपले लोक मूठभर, सगळे एकमेकांचे नातेवाईक. पाळकबाई माझ्या जावेची मावसबहीण. मग रात्री कोणाला सांगणार? मशीन गोडगोड बोलतं, माझं कधी चुकलं असेल असं म्हणतच नाही, ते मला कळतं. पण ते माझ्या सासूला ओळखत नाही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे (5:16). कबूल केल्यावर ती कुठवर जातील, ते कोणी सांगावं?

कॅथलिक, वडगावशेरी
कॅम्पवाल्या ताई, आमच्याकडे याची सोय आहे. कन्फेशनमधलं, म्हणजे पापांच्या कबुलीतलं, फादरनी बाहेर फोडलं तर थेट बहिष्कृती, 1983 च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) स्पष्ट आहे. मोबाईलमधलं बोलणं मात्र कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहतं, एवढं लक्षात ठेवा. 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नमधल्या एका चर्चनं कन्फेशनच्या खोलीत एआय येशू बसवला होता. लोक बोलून गेले, पण ते कन्फेशन नाही असं चर्चनंच सांगितलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेत 'फादर जस्टिन' नावाचा एआय निघाला आणि काही दिवसांतच त्याचा झगा उतरवून त्याला साधा जस्टिन करावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये व्हॅटिकननं एआयवर 'अँटिक्वा एट नोव्हा' हे निवेदन काढलं, त्यात या यंत्राची मूर्ती करू नका असा इशारा आहे. आमच्या घरी तरुण मंडळी त्याचा फक्त सारांश वाचतात, तोही एआयनं केलेला.

निवृत्त शिक्षक, मूळचे केडगाव
मी पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर वाचतो. त्यासाठी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या; 1922 साली त्या गेल्या, छापील शास्त्र नंतर आलं. एआयला वचन विचारलं की चार भाषांतरांची सरमिसळ करून देतो आणि कोणाचं ते सांगत नाही. बाकी डोळे अधू झाल्यापासून तोच मला मोठ्यानं वाचून दाखवतो, त्याबद्दल तक्रार नाही.

पाळक, पिंपरी
कॅम्पच्या ताईंचं वाचून झोप लागली नाही. आमच्या पंचमंडळीसमोर (चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर) विषय काढला : विनंती सांगताना, ज्याची आहे त्याच्या परवानगीशिवाय नाव घ्यायचं नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. त्यातले दोघे चिडले. म्हणाले, नावच कळलं नाही तर प्रार्थना करायची कोणासाठी? पुढच्या बैठकीत पुन्हा तोच विषय आहे.