सप्टेंबरात आई-अण्णांना घेऊन सँटोरिनी की क्रीट?

सावळजकर
नमस्कार मंडळी. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेचं काम जरा हलकं असतं, तेव्हा आई-अण्णांना घेऊन ग्रीसला जायचं चाललंय. जो तो सँटोरिनी म्हणतो. पण आईचे गुडघे दुखतात, अण्णा माळकरी, आणि नुसता समुद्र बघून त्यांना करमत नाही. कुणी जाऊन आलंय का?

कृष्णाकाठ
मी जाऊन आलेय. सँटोरिनीला मुक्काम नको. गावं कड्याच्या टोकावर, जिकडं तिकडं पायऱ्या. फारच मन असलं तर क्रीट बेटावरच्या हेराक्लिओन शहरातून जलद बोटीनं एका दिवसात बघून येता येतं. मुक्काम मात्र क्रीटलाच करा.

ऊन म्हणाल तर आपल्यासारखंच कडक, पण घाम येत नाही. जून ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ नसतोच. सप्टेंबरात गर्दी ओसरते आणि समुद्राचं पाणी अजून कोमट असतं. हेराक्लिओनजवळचा क्नोसोसचा प्राचीन राजवाडा सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, नंतर सावली मिळत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे माणसाएवढे रांजण तिथं जागेवर उभे आहेत. पोटावर दोरखंडासारखी नक्षी, आणि दोर ओवायला ओळीनं कान. तेल-धान्य साठवायचे. अण्णा तिथून लवकर हलणार नाहीत बघा.

आणि तुम्ही द्राक्षवाले, म्हणून मुद्दाम सांगते. हेराक्लिओनच्या दक्षिणेला बागाच बागा आहेत. तिथली सुलतानिना ही बिनबियांची द्राक्षं म्हणजे आपली थॉमसन, जिच्यातून तासगावची तास-ए-गणेश निघाली. १९२२ नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, निर्वासित होऊन आलेल्या ग्रीक कुटुंबांनी हे पीक तिथं वाढवलं. ऑगस्ट-सप्टेंबरात बेदाणा सुकत पडलेला असतो, आपल्यासारखा शेडमध्ये रॅकवर नाही, उघड्या उन्हात. आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीच्या धास्तीनं आभाळाकडं बघत बसतो. तिथं ते घोस निवांत पसरलेले बघून मला खरंच भरून आलं.

सावळजकर
ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं! तेही द्राक्षं सुकवायच्या आधी पोटॅशमध्ये बुडवतात का? आणि अण्णांच्या जेवणाचं काय?

कृष्णाकाठ
हो, पोटॅशच बुडवायला, पण जोडीला आपल्या डिपिंग ऑइलऐवजी ऑलिव्हचं तेल. जेवणाची काळजी नको. जवाच्या टोस्टावर टोमॅटो आणि चीज घालून 'डाकोस' देतात, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या मिळतात, उकडलेली रानभाजी तेल-लिंबू घालून मिळते. भरलेल्या भाज्यांत कधी खिमा असतो, तेवढं आधी विचारायचं. जेवण झालं की राकीची छोटी बाटली आणि फळं न मागता येतात, बिलात लावत नाहीत. दारू आहे ती, अण्णांना आधी सांगून ठेवा. त्यांनी फळं घ्यावीत, कुणी वाईट मानत नाही.

विश्रामबागवाली
व्हिसा शेंगेनचा लागेल. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा सप्टेंबरसाठी उन्हाळ्यातच लागा. ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. अथेन्सहून पुढं क्रीटला विमानानं तासाभरात पोचता. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोटही आहे, पण आईंसाठी केबिनच घ्या, खुर्चीवर रात्र काढायला लावू नका.

सावळजकर
केबिनच घेतो. अण्णांना बेदाण्याचं सांगितलं, तर ते आत्ताच विचारायला लागलेत की तिथं एकरी किती निघतो. ताई, बागायतदाराशी बोलायचं झालं तर कुठल्या गावात जावं?

कृष्णाकाठ
आर्हानेस. क्नोसोसच्याच रस्त्यानं पुढं. चौकात झाडाखाली कॉफीची दुकानं आहेत, संध्याकाळी सगळे शेतकरी तिथंच बसलेले असतात. बागेचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.