फाइव्ह-एस, कायझेन गोठ्यात आणायचं तर सुरुवात कुठून?

कृष्णाकाठचा गोठा
२० एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, दोन क्लस्टरची (क्लस्टर म्हणजे चार सडांना लावायचा चार कपांचा संच) बकेट मशीन, दोन वेळ धारा. दर महिन्याला दोन-तीन गाईंना दगडी (कासेची सूज) होते. कारखान्यातली पद्धत (फाइव्ह-एस म्हणजे जागा नीटनेटकी लावणं, कायझेन म्हणजे सतत थोडी-थोडी सुधारणा) गोठ्यात लावायची आहे. आधी फलक आणि रंगाचे पट्टे करून घेऊ का?

शॉपफ्लोअर
फलक राहू द्या. टोयोटात दोष दिसला की लाइन तिथेच थांबवतात, पुढे जाऊ देत नाहीत. गोठ्यात ती जागा म्हणजे पहिल्या तीन-चार धारा. त्या काळ्या वाटीत काढा. गुठळी किंवा पाणचट दूध दिसलं की त्या गाईच्या पायाला लाल पट्टी, दूध वेगळं, नंबर शेवटचा. एरवीचा क्रमही पक्का ठेवा: पहिलारू आधी, मग निरोगी, मग नुकत्या बऱ्या झालेल्या, औषध चालू असलेल्या सगळ्यांत शेवटी. क्लस्टर सगळ्यांना तोच लागतो, त्यामुळे क्रम उलटला की रोग सडासडातून फिरतो.

पल्सेटर
लायनर, म्हणजे कपाच्या आतली सडाला लागणारी रबरी नळी, तपासलेत का? तिचं आयुष्य साधारण २५०० धारा (एका गाईचं एकदा दूध काढलं की एक धार). २० गाई, दोन वेळ, दोन क्लस्टर, म्हणजे प्रत्येक क्लस्टरला रोज २० धारा. १२५ दिवसांत लायनर संपला. बाहेरून चांगला दिसतो म्हणून लोक वर्षभर ओढतात. आत भेगा पडलेल्या असतात, त्यात दूध साचतं आणि धुऊनही निघत नाही. बदलल्याची तारीख शेलवरच (लायनरबाहेरच्या कडक कपावर) मार्करने लिहा. चालू मशीनच्या लायनरमध्ये अंगठा घालून ठोके मोजा, मिनिटाला ६० हवेत. व्हॅक्यूम (मशीनची ओढ) ४५ किलोपास्कलच्या आसपास. जास्त झाला की सडाच्या टोकाला पांढरं, कडक कडं येतं.

कास-सड
एक गोष्ट मात्र कारखान्यातून आणू नका: घाई. सड पुसल्यावर पान्हा सुटायला ६० ते ९० सेकंद लागतात. त्याआधी मशीन लावली तर ती रिकामा सड ओढते. काढतानाही आधी व्हॅक्यूम बंद, मगच क्लस्टर. लगेच ०.५ टक्के आयोडीनमध्ये सड बुडवा आणि गव्हाणीत चारा टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. तोवर सडाचं तोंड उघडं असतं. बसली की शेण थेट आत.

शॉपफ्लोअर
आणि वहीत नुसतं 'दगडी' लिहू नका. गाय, सड, क्लस्टर, बांधायची जागा, चारही लिहा. एकाच क्लस्टरच्या गाई निघाल्या तर मशीन उघडा. एकाच कोपऱ्यातल्या निघाल्या तर तिथली जमीन ओली का राहते ते बघा: उतार, नाली की गळका नळ.