पाणी वजन पेलतं, मान्य. पण देवमासा वाढला तो घासामुळे

वैतागलेली बायोलॉजीवाली
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'देवमासा एवढा मोठा का? पाणी वजन पेलतं म्हणून. विषय संपला.' आणि त्यावर लाइकचा पाऊस. दरवर्षी पेपर तपासताना हेच उत्तर वाचते, कारण गाइडमध्ये तेवढंच छापलेलं असतं.

देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले त्याला सुमारे 5 कोटी वर्षं झाली. पाणी तेव्हाही वजन पेलतच होतं. पण पाणी गाळून त्यातले बारीक जीव खाणाऱ्यांच्या, म्हणजे निळा, फिन या देवमाशांच्या घराण्यात 10 मीटरपुढची धुडं सर्रास दिसू लागली ती गेल्या 30-45 लाख वर्षांतच. बदललं ते खाणं. उत्तर गोलार्धात बर्फाचे थर वाढले, वारे आणि प्रवाह बदलले, खोलवरचं थंड, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत जोरात वर येऊ लागलं. तिथे क्रिलचे, म्हणजे झिंग्यासारख्या बारीक जिवांचे, दाट थवे, आणि मधे शेकडो मैल उपास. अशा समुद्रात ज्याच्या अंगात चरबीचा साठा मोठा आणि ज्याला लांबचा पल्ला कमी खर्चात पडतो, तो टिकतो. 2017 मध्ये स्लेटर, गोल्डबोजेन आणि पायेन्सन या संशोधकांनी जीवाश्मांवरून हेच मांडलं.

शिवाय निळा देवमासा एका झेपेत स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी तोंडात घेतो. अंग जेवढं वाढतं त्याहून जास्त हा घास वाढतो. स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाला माखल्या एकेक करून पकडाव्या लागतात, म्हणून तो बराच लहान आकारावर थांबला.

पंचवटीकर काका
ताई, जून 2015 मध्ये रेवदंड्याला 42 फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला होता. मी तेव्हा बहिणीकडे अलिबागला होतो. पोचलो तोवर तो मेलेला. पोट वाळूवर पसरलेलं, एवढं मोठं जनावर आपल्याच भाराखाली दबलेलं. ते बघितल्यावर मला तुमच्या अभ्यासांची गरज वाटत नाही. जमिनीवर हत्ती सहा-सात टनांवर थांबतो, देवमासा 150 टनांवर जातो. गाइडमध्ये छापलं म्हणून खोटं ठरत नाही. आणि बॅसिलोसॉरस, तो जुना नामशेष देवमासा? साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी 15 मीटरच्या वर होता. तेव्हा कुठे होतं तुमचं बर्फ?

वैतागलेली बायोलॉजीवाली
बॅसिलोसॉरस लांब होता, पण सडपातळ. आणि तो शिकारी, गाळून खाणारा नव्हे. पाण्याशिवाय हे जमलं नसतं हे मी शीर्षकातच लिहिलंय, काका. पण डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा पॉरपॉइजही पाण्यातच राहतो आणि दीड-दोन मीटरवर समाधानी आहे. पाण्याने मुभा दिली. ती मुभा कुणी का वापरली, हा प्रश्न आहे.

इंदिरानगर मेकॅनिकल
दोघंही उष्णता विसरलात. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. लहान जिवाला ते परवडत नाही. समुद्री ऑटर (पाणमांजर) रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा खातो, तेव्हा कुठे तगतो. सील, समुद्रगाय, देवमासे, वेगवेगळ्या घराण्यांतले सस्तन प्राणी पाण्यात गेले आणि सगळे मोठे झाले. 2018 चा गिअर्टी वगैरेंचा पेपर वाचा.

वैतागलेली बायोलॉजीवाली
वाचलाय. त्याच पेपरात समुद्री सस्तन प्राण्यांचं वजन उत्क्रांतीत 500 किलोच्या आसपास ओढलं जातं असं आहे. निळा देवमासा त्याच्या 300 पट! ऊब किती लहान राहून चालणार नाही ते सांगते, किती मोठं व्हायचं ते नाही. आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येणारा व्हेल शार्क थंड रक्ताचा मासा, तरी 18 मीटरपर्यंत जातो. तोही गाळूनच खातो.

निफाडकर थॉमसन
ताईंचं मला पटतंय. आमच्या द्राक्षाचंही तसंच, मणी नुसत्या पाण्याने फुगत नाही. विरळणी करून घडावर मोजके मणी ठेवायचे, पानं पुरेशी ठेवायची, जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) वेळेवर, तेव्हा 18 मिलिमीटर येतो. आणि एवढं करून गेल्या हंगामात एका निर्यातदाराने माल बघितला, मणी बारीक आहे म्हणाला, आणि तोच माल लोकल भावात मागायला लागला. मजुरी, औषधं, डिपिंगचा खर्च कुणी भरायचा?

पंचवटीकर काका
मोठा मणी हवाच कुणाला? पूर्वी बारीक मण्याला गोडी होती. आता दिसायला टपोरा, चवीला पाणचट.

निफाडकर थॉमसन
काका, बाग कधी केली आहे का? साखर उतरायच्या आधी घाईने तोडला तर पाणचटच लागणार. त्यात मोठ्या मण्याचा काय दोष? पावसाची भीती, व्यापारी दारात, बँकेचा हप्ता डोक्यावर, म्हणून तोडतो माणूस. घरी बसून चव ठरवणं सोपं आहे.

पंचवटीकर काका
मी पैसे मोजून खातो. बोलायचा हक्क आहे मला.

निफाडकर थॉमसन
मग भाव पाडल्यावरही बोला कधी तरी. तेव्हा शहरातलं कुणी बोलत नाही.

इंदिरानगर मेकॅनिकल
भाऊ, तुमचा राग रास्त आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण मण्याला जीए बाहेरून लावता. देवमाशाला कोण लावतं?

वैतागलेली बायोलॉजीवाली
कोणी नाही. मोठ्यांची पिल्लं जास्त जगली, पिढ्यान्‌पिढ्या. आणि यालाही मर्यादा आहे. तोंड जितकं मोठं, तितका ते भरून, मिटून पाणी गाळून टाकायला वेळ जास्त, श्वास रोखलेला असताना. थवे विरळ असतील तर प्रत्येक झेप तोट्यात. गोल्डबोजेन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये देवमाशांच्या पाठीवर यंत्रं चिकटवून हा जमाखर्च मोजला. गाळून खाणाऱ्यांना किती क्रिल मिळतं यावर थांबावं लागतं, पाणी किती पेलतं यावर नाही.

पंचवटीकर काका
बरं. खाण्याने वाढला असं धरू. पण वाळूवर मेला तो वजनानेच.

इंदिरानगर मेकॅनिकल
आणि मी ऊब सोडत नाही. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सात मीटरचं आणि दोन-अडीच टनांचं असतं. अजून एक क्रिल खाल्लेलं नसतं त्याने. ताई, ते कुठल्या घासामुळे?

वैतागलेली बायोलॉजीवाली
आईच्या. तिने उन्हाळाभर थंड समुद्रात साठवलेल्या चरबीतूनच ते वाढतं, आणि पुढे महिनोन्‌महिने दूधही त्याच साठ्यातून. आई लहान असती तर एवढं पिल्लू पोसलं गेलंच नसतं.