फाल्गुनात परसबागेची तयारी: काळी माती, गुलाब आणि उन्हाळी भाजीपाला

प्रश्न (गंगापूर रस्ता, नाशिक)

नमस्कार. आमच्या घरामागे साधारण वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. माती काळी व चिकण असून थंडी ओसरू लागताच तिला भेगा पडल्या आहेत. कडेला मोगरा, जास्वंद आणि काही गुलाब आहेत. जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडली आहेत, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच आहेत. उरलेल्या जागेत उन्हाळी भाजीपाला घेण्याचा विचार आहे. होळीच्या आत कोणती कामे उरकावीत, माती खोल खणून तिच्यात वाळू मिसळावी का आणि गुलाबाची छाटणी आता करावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर (मखमलाबाद)

ताई, नाशिकमध्ये वसंत फार थोडे दिवस टिकतो आणि त्याच्या पाठोपाठ एप्रिल-मेचे ऊन येते, म्हणून आताची प्रत्येक तयारी त्या उन्हाकडे पाहूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रथम मातीविषयी. काळी माती ओली असताना खणली तर तिची ढेकळे होऊन दगडासारखी वाळतात आणि पूर्ण कोरडी झाल्यावर तिच्यात कुदळ शिरत नाही. जागा एकदा भरपूर भिजवावी, दोन-चार दिवस थांबावे आणि मूठभर माती दाबून सोडल्यावर ती हाताला न चिकटता भुरभुरीत सुटली, म्हणजे वाफसा आला असे समजून त्याच दिवशी वीतभर खोल खणावे. त्याहून खोल जाऊ नये, कारण आपल्याकडे अनेक ठिकाणी खाली मुरूम किंवा चुनखडी लागते आणि ती वर आणण्यात काहीच लाभ नाही.

वाळू मुळीच मिसळू नये. चिकण मातीत थोडी वाळू घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट माती अधिक घट्ट बसते, आणि परिणाम दिसण्याइतकी वाळू घालायची तर निम्मी माती बदलावी लागेल. त्याऐवजी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत दोन-तीन इंच जाडीने पसरून वरच्या थरात मिसळावे. शेणखत कच्चे असेल तर त्यातून मुळे कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते, त्यामुळे वास येणारे, गरम लागणारे शेणखत कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुसरे उत्तर (पंचवटी)

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करतात. आता फक्त वाळलेल्या काड्या आणि सुकलेली फुले काढावीत. या दिवसांत खोल छाटणी केली तर निघणारा कोवळा फुटवा नेमका कडक उन्हात सापडतो. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काड्यांची खोल छाटणी, होते हे पाहून अनेकांचा गैरसमज होतो, परंतु ती पुढच्या हंगामाची फळधारक काडी तयार करण्यासाठी असते आणि त्या बागांना ठिबकचे नियमित पाणी असते. जास्वंदीची हलकी छाटणी मात्र आता चालेल. मोगऱ्याला कळ्या दिसू लागल्या असतील तर त्याला कात्री लावू नये.

तिसरे उत्तर (इंदिरानगर)

जास्वंदीचे लक्षण लोहाच्या कमतरतेचे दिसते, पण मातीत लोह नसतेच असे नाही. चुनखडीयुक्त जमिनीत ते झाडाला घेता येत नाही. थोड्या कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसले तर चुना आहे हे निश्चित. अशा मातीत नुसते फेरस सल्फेट टाकणे व्यर्थ ठरते, कारण तेही लवकरच झाडाला न मिळणाऱ्या रूपात जाते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. मुळांतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेले लोह, घ्यावे. ईडीटीए प्रकार स्वस्त असला तरी चुनखडीच्या जमिनीत तो टिकत नाही. मुळांशी सतत पाणी साचल्यानेही हेच लक्षण दिसते, तेव्हा झाडाभोवतीच्या आळ्याचा निचरा आधी तपासावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगर टाकताच माती फसफसली. आता दोनच शंका उरल्या आहेत: भाज्या नेमक्या कोणत्या घ्याव्यात, आणि पश्चिमेची भिंत दुपारनंतर फार तापते, तिथे काय करावे?

पहिले उत्तर देणारे (मखमलाबाद)

भेंडी, गवार, काकडी, दोडका आणि दुधी या भाज्या आता पेराव्यात. भेंडीचे बी रात्रभर भिजवून एकेक फुटावर टोकावे. वेलवर्गीय भाज्यांची मुळे हलवलेली त्यांना सोसत नाहीत, म्हणून त्यांचे बी थेट जागेवरच लावावे. मेथी आणि पालक या उन्हात लवकर फुलावर येतात, त्यांचा मोह आता टाळावा. पालेभाजी हवीच असेल तर राजगिरा घ्यावा.

पश्चिमेच्या भिंतीपासून दोन-तीन फूट अंतरावर मांडव करून त्यावर दोडका चढवावा, म्हणजे वेलाला भिंतीची धग लागणार नाही आणि मांडवाखालच्या झाडांना दुपारी सावली मिळेल. वेल वाढेपर्यंत तिथे 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी.

पाणी सकाळी लवकर आणि खोलवर द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्याच थरात राहतात आणि तोच थर सर्वांत आधी तापतो. रोपे वीतभर झाली की उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला तीन इंच जाडीने अंथरावा. भेगा थांबवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मात्र आच्छादन खोडापासून चार बोटे दूर ठेवावे आणि अधूनमधून उचलून खाली वाळवी लागली नाही ना, हे पाहावे.