गडद जांभळ्या भिंतीवर पट्टे दिसताहेत, मदत हवी आहे

घाईत_आहे
बेडरूमच्या एका भिंतीला गडद जांभळा दिलाय. हातावर हात मारतोय तरी पट्टे जात नाहीत. दिवसा ठीक वाटतं, रात्री दिवा लावला की भिंत चट्टेरी दिसते आणि रंग चक्क तपकिरी होतो. अजून एक हात मारू की सगळं घासून काढू? परवा पलंग आत घ्यायचाय. लवकर सांगा.

उंबरठा
किती हात झाले? मॅट की चकाकीवाला? आधी कुठला रंग होता? प्रायमर मारला का? फोटो टाका.

घाईत_आहे
नेहमीचाच रंग हो, पाण्यात मिसळायचा. खाली पांढरा. फोटोत पट्टे येत नाहीत.

बिनधास्त_बाई
एकच भिंत का? छतही त्याच जांभळ्यात करा. कोपरे हरवतात आणि खोली मस्त गूढ वाटते. मी तर दाराच्या चौकटीही सोडल्या नाहीत.

घाईत_आहे
छताचं कुणी विचारलंय?

जुना_रंगारी
गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरं रंगद्रव्य) जवळजवळ नसतं, आणि खालचं झाकायचं मुख्य काम तेच करतं. त्यामुळे पांढरं आतून डोकावतं. पांढऱ्यावर थेट जांभळा मारायचाच नसतो. आधी राखाडी टिंट केलेला प्रायमर, मग दोन हात. एवढं केलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

तिरका_उजेड
रंगारीबुवा, तुम्हाला प्रत्येक दुखण्यावर राखाडी प्रायमर. त्याने रंग झाकतो, पट्टे जात नाहीत. पट्टे पडतात ते ओली कड सुटल्यामुळे, म्हणजे शेजारचा रंग ओला असतानाच पुढचा न जोडल्यामुळे. कडेचं ब्रशने कटिंग करून ठेवलं, ते वाळल्यावर मधला भाग रोलरने ओढला, की दोन्हींचा पोत वेगळा. समोरून कळत नाही. दिवा भिंतीला लगटून असेल तर सगळं उघडं पडतं.

घाईत_आहे
हो! कडेने चार बोटं पट्टा जास्त गडद आहे, फोटोफ्रेमसारखा. आणि जिथे खिळे काढून भोकांत लांबी (पुट्टी) भरली तिथे गोल ठिपके.

उंबरठा
लांबी भरली हे आत्ता सांगताय? त्यावर प्रायमर?

घाईत_आहे
लांबी पूर्ण वाळली होती.

जुना_रंगारी
म्हणजे नाही. लांबी रंगातलं पाणी शोषून घेते, म्हणून तेवढाच गोल निस्तेज दिसतो. वर कितीही हात मारा, तो परत वर येईल. बघा, शेवटी प्रायमरच.

तिरका_उजेड
ठिपक्यांपुरतं मान्य. फ्रेम मात्र कटिंगचीच.

लख्ख
रात्री तपकिरी होण्याचं कारण दिवा आहे. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बमध्ये निळा प्रकाश कमी असतो. जांभळ्यातला निळा भाग परत फेकायला काही मिळालंच नाही तर उरतो तो लालसर काळपटपणा. 4000 केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बल्ब लावून बघा. भिंतीला हात लावण्याआधी हे करा.

जुनंपुराणं
एक मजा. 1856 मध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा पोरगा क्विनीन बनवायला बसला आणि हातात आला जांभळा रंग. त्याआधी खरा जांभळा समुद्री गोगलगायींपासून काढायचे.

उंबरठा
उत्तम. आता गोगलगायी भिंतीला चिकटवायच्या का?

घाईत_आहे
मूळ मुद्द्यावर या. डब्यावर 'सॉफ्ट शीन' लिहिलंय. ते मॅटच ना?

तिरका_उजेड
नाही! शीन म्हणजे हलकी चकाकी. गडद रंग, त्यात शीन, त्यात तिरका दिवा. आता घासून काढत बसू नका. ठिपके आणि फ्रेमची कड बारीक पॉलिश पेपरने दाबून घ्या, धूळ पुसा, लांबीवर प्रायमर. मग त्याच शेडचा मॅट. डबे दोन असतील तर आधी एका बादलीत एकत्र ढवळा. कटिंग थोडंथोडं करा आणि ते ओलं असतानाच रोलर छतापासून खालपर्यंत ओढा. मध्ये चहाला उठायचं नाही.

जुना_रंगारी
पलंगाचं डोकं याच भिंतीला लागणार असेल तर मॅट नको. गडद मॅटवर डोकं-हात घासले की चकचकीत डाग पडतात, ते पुसूनही जात नाहीत.

तिरका_उजेड
मग पलंग वीतभर पुढे ओढा.

घाईत_आहे
पलंग समोरच्या भिंतीला आहे. उरलेला शीन बाहेरच्या दाराला लावला तर? लाकडी आहे, दुपारभर ऊन.

जुना_रंगारी
आतल्या भिंतीचा रंग बाहेरच्या दाराला अजिबात नको. शिवाय गडद रंग ऊन पितो, लाकूड तापून वाकतं, सांधे उघडतात. जांभळ्या शेड उन्हात विटतातही लवकर.

बिनधास्त_बाई
आमचं दार जांभळंच आहे, काही झालेलं नाही.

उंबरठा
ऊन लागतं का त्याला?

बिनधास्त_बाई
नाही, पुढे व्हरांडा आहे.

घाईत_आहे
दार राहू दे. आज बल्ब बदलून बघतो. तरीही पट्टे दिसले तर मॅट आणतो, पलंग थांबेल दोन दिवस.